बिगर-लष्करी व्याही

भारत देश अजून जागच्या जागी उभा आहे, यात आपला वाटा मोठा आहे, असं आमचे व्याही मनापासून समजतात. सीमेवर सैन्य आहे हे त्यांना मान्य आहे, सैन्याबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नाही. पण बंदूक घेऊन येणारा शत्रू हा त्यांच्या मते शत्रूंतला सगळ्यात सरळमार्गी माणूस. तो निदान दिसतो तरी! खरा धोका बंदुकीशिवाय येतो. तो फोनातून येतो, कुंडीखालच्या बशीतून येतो, भेसळीच्या तेलातून येतो, आणि बऱ्याचदा तर शेजाऱ्याच्या तोंडून येतो. याला ते 'बिगर-लष्करी धोका' म्हणतात, आणि त्याच्याशी लढण्याचं एकमेव हत्यार म्हणजे 'राष्ट्रीय विचारधारा', असं त्यांचं मत आहे. ही विचारधारा म्हणजे नेमकं काय, असं मी त्यांना सुरुवातीच्या दिवसांत एकदा विचारलं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही. दोन तासांनी मला जाग आली तेव्हा ते स्वतःच म्हणत होते, "थोडक्यात सांगायचं तर..."

माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या घरी दिलेली. मी कुडाळच्या बाजारातला चष्मेवाला. लोकांच्या नाकावर काचा बसवण्यात माझा जन्म गेला. ते मालवणच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून थोडं आत असलेल्या एका गावात पस्तीस वर्षं मास्तर होते. नागरिकशास्त्र शिकवायचे. आता तुम्हाला माहीत आहे, नागरिकशास्त्र हा विषय परीक्षेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असतो. पोरं तो आदल्या संध्याकाळी वाचतात. आयुष्यभर शेपूट शिकवलेल्या माणसाच्या मनात काय साठत असेल ते साठत असेल, आणि सेवानिवृत्तीनंतर ते बाहेर पडलं. पहिला तडाखा आम्हाला बसला. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला भटजींनी अक्षता वाटल्या आणि व्याही उठून उभे राहिले. मला वाटलं, मानपानाचं काही राहिलं. तर त्यांनी सगळ्या मंडळींना उभं करून संविधानाची उद्देशिका म्हणायला लावली, आणि मग 'बंधुता' या एका शब्दावर बोलायला लागले. चाळीस मिनिटं. भात गार झाला, सोलकढी गरम झाली. आचारी मधेमधे डोकावून माझ्याकडे बघे आणि मी छताकडे बघे. शेवटी ते म्हणाले, "आता जेवायला बसूया," आणि स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारू लागले की कढीतली आमसुलं कोणाच्या घरची, आणि त्यांना रंग तर लावलेला नाही ना. आमची ही मला रात्री म्हणाली, "पोरगी चांगल्या घरी पडली, पण सासरा जरा सांभाळून घ्यावा लागेल." हा 'जरा' केवढा, ते पुढे कळलं.

त्यांची एक सवय अशी, की भाषण प्रमाण मराठीत करायचं आणि काळजी मालवणीत. त्यामुळे ते पुस्तकी बोलत असले की घरातले निवांत असतात. "नागरिकांनी सजग राहिलं पाहिजे" असं ऐकू आलं की माझी मुलगी निर्धास्तपणे मासे साफ करत बसते. पण "गो, खंय गेला ता?" असं आलं की हातातलं टाकून उठते. मी हे गणित फार उशिरा शिकलो.

दुसरी सवय तीन प्रश्नांची. कोणी काहीही सांगितलं, की हे विचारणार: कोणी पाहिलं? कधी पाहिलं? त्या पाहणाऱ्याला तू ओळखतोस का? त्यांचा सिद्धांत असा, की अफवा म्हणजे बिगर-लष्करी फौजेचं पायदळ आहे आणि ते या तीन प्रश्नांवर ठेचकाळतं. सिद्धांत म्हणून छान आहे. पण माणसाने तो मासळीबाजारात वापरू नये. "मास्तरांनू, सुरमय आत्ता उतरलीहा," असं कोळीण म्हणाली की हे विचारणार, कोणी उतरवली, किती वाजता, आणि उतरवणाऱ्याला तू ओळखतेस का. तो तिचा नवरा असे. एकदा ती बाई एवढी वैतागली की तिने सुरमई उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली. "माका कित्याक इचारतास? हिकाच इचारा!" व्याह्यांनी माशाचे डोळे वाकून पाहिले, कल्ला उचलून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "साक्ष पटली." त्या दिवसापासून ती बाई बाजारात त्यांना बघितल्यावर टोपली झाकते.

माझ्या घरी आले की चहाच्या आधी परसदारी जातात. टॉर्च घेऊन. कुंड्यांखालच्या बशा, फुटकी बादली, आंब्याखाली पडलेली करवंटी, असं सगळं वाकून वाकून बघतात. गुडघा दुखरा आहे, तरी वाकतात. एका पावसाळ्यात त्यांना आमच्या मोगऱ्याच्या बशीत डासांच्या अळ्या सापडल्या. त्यांनी त्या एका काचेच्या बाटलीत भरल्या आणि बैठकीच्या टेबलावर आणून ठेवल्या. नेमके तेव्हा आमच्याकडे वाडीतले चार प्रतिष्ठित लोक बसले होते. व्याही म्हणाले, "हा शत्रू. तुमच्या घरात, तुमच्या पाण्यावर वाढलेला." मंडळींनी बाटलीकडे पाहिलं, मग हातातल्या चहाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवले. मला एवढा राग आला होता की मी दोन महिने त्यांच्या गावी पाऊल टाकलं नाही. त्या पावसाळ्यात आमच्या आळीत घरोघर ताप होता, आमच्या घरात कोणाला आला नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर बाटली पुन्हा येईल.

फोनच्या चोरांचं तर त्यांनी पार वाटोळंच केलं. एके दिवशी त्यांना कोणा मोठ्या साहेबाचा फोन आला, की तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात भलतंच काही सापडलंय, आता तुम्ही घरातल्या घरात अटकेत आहात, हलायचं नाही. दुसरा माणूस असता तर घामाने भिजला असता. व्याही खुर्चीवरून उठून सावधान उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आपण शासनाचे अधिकारी. आधी आपण दोघं उद्देशिका म्हणू. मी सुरू करतो, आपण मागून म्हणा." आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. दुसऱ्या ओळीला पलीकडून फोन कापला गेला. पण यांचं समाधान होईना. पाठांतर अर्धवट राहिलं, म्हणून यांनीच त्या नंबरावर चार वेळा उलट फोन लावला. शेवटी चोराने यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. "चोर पळालो," असं ते मला सांगत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विजयापेक्षा हिरमोडच जास्त होता. एक विद्यार्थी हातचा गेला होता.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची हजेरी. ते म्हणत, विचारधारा भिंतीवर टांगून उपयोग नाही, ती सवयीत उतरली पाहिजे. आणि देश म्हणजे अखेर कोण आहे आणि कोण नाही याची रोज चौकशी करणं. म्हणून त्यांनी वाडीतल्या सगळ्या घरांची एक वही केली. घरात माणसं किती, म्हातारी कोण, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला पोहता येतं, कोणाकडे दोर आहे, कोणाकडे बॅटरी. वादळ आलं, वणवा लागला, साथ आली, तर कोणी कोणाला बाहेर काढायचं ते त्यात लिहिलेलं. मुलांना शिकवलं, की चुकलात तर घाबरून धावत सुटायचं नाही, शाळेच्या पायरीवर येऊन बसायचं आणि घंटेचे तीन टोले द्यायचे. लोक हसायचे. पण मास्तरांनी अर्ध्या गावाचे कान पिळलेले असल्यामुळे तोंडावर नाही म्हणत नसत. गावचे मानकरी तात्या, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे, तेवढे एकटे मास्तरांना बधत नसत. आणि तात्यांचा खटका उडाला तो त्या वहीतल्या एका नावावरून.

आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब आहे. सगळं गाव त्या माणसाला 'गुरखो' म्हणे. मास्तरांनी जाऊन त्याला त्याचं नाव विचारलं, टेकबहादूर, आणि वहीत घातलं. नवरा, बायको, तान्हं मूल. तात्या म्हणाले, "मास्तरांनू, तुमची वही म्हणजे काय धर्मशाळा? तो परको माणूस. आज हय, उद्या खंय." व्याही प्रमाण मराठीत सुरू झाले, "तात्या, आठ वर्षं जो आपल्या विहिरीचं पाणी पितो..." तात्या अर्ध्यातून उठून गेले. मी त्या वेळी तिथे होतो. मनातून मला तात्यांचंच पटलं होतं, हे कबूल करायला हवं.

त्या गावात गावपळण आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: काही वर्षांनी एकदा ग्रामदेव कौल देतो, आणि अख्खा गाव घरंदारं बंद करून तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. गावात श्वास घेणारं कोणी उरायचं नाही. त्या तीन दिवसांत गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा असतो, असं मानतात. बाहेर माळावर माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात, फुगड्या होतात. मोठी मौज असते. शीव ओलांडून आत मात्र जायचं नाही; देवाने पुन्हा कौल देईपर्यंत कोणीही नाही. गेल्या खेपेच्या गावपळणीला व्याह्यांनी मला आग्रहाने बोलावलं. "व्याही, बघायला याच," म्हणाले. "गाव रिकामा करायची सवय सरकारने आज काढली, आमच्या पूर्वजांनी कधीच लावून ठेवली. ही जगातली सर्वांत जुनी बिगर-लष्करी कवायत आहे!" मी गेलो तो कवायतीसाठी नाही, माझ्या नातीसाठी. अन्वी तेव्हा सहा वर्षांची होती.

माळावर व्याह्यांचा थाट सेनापतीचा होता. सकाळ-संध्याकाळ हजेरी. खोप एक, माणसं सात. खोप दोन, माणसं चार, गुरं दोन. टेकबहादूरची खोप शेवटची, पण तिचीही हजेरी. तो "हजर" म्हणे तेव्हा तात्या मान फिरवून पान जुळवत. प्रत्येकाला एक जबाबदारी दिलेली होती. अन्वीच्या वाट्याला घरच्या कोंबड्या आल्या होत्या. मास्तरांनी तिला चिठ्ठी लिहून दिली होती: 'कोंबड्या अकरा.' ती दिवसातून दहा वेळा खुराडं उघडून मोजायची, आणि मला भारी कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आजोबांकडे आली. "आजोबा, कितीदा मोजल्या, तरी दहाच आहेत." आजोबा त्या वेळी कुठल्याशा तरुण मंडळींना अफवांवर समजावत होते. त्यांनी तंद्रीत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जबाबदार नागरिक मोजतो. आणि कमी पडलं तर शोधतो." मंडळींनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. अकरावी कोंबडी कुठे गेली ते तिथे नेमकं दोघांना ठाऊक होतं. ती माळावर आलीच नव्हती. आदल्या दिवशी मी कुडाळहून पोचलो तेव्हा गाव सोडण्याच्या गडबडीतही व्याह्यांनी पाहुण्यासाठी तीच कोंबडी कापून वडे-सागोतीचा बेत केला होता. पोरीचा जीव कोंबड्यांवर, म्हणून तिला सांगितलं नव्हतं. जगाचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या चिठ्ठीवरचा आकडा तेवढा बदलला नव्हता. आणि मी तीन वडे जास्त खाल्ले होते.

साडेपाचच्या हजेरीला आमच्या खोपीत एक माणूस कमी भरलं. व्याह्यांनी पुन्हा मोजलं. मग वही मिटली आणि माझ्या मुलीकडे वळून म्हणाले, "गो, चेडू खंय आसा?" पोरगी कुठे आहे, हे मालवणीत ऐकल्याबरोबर ती हातातलं टाकून उठली. मोठ्याने हाका मारल्या, खोपींत बघितलं, गुरांकडे बघितलं, शिवेवरच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात बघितलं. जावई कामावर गोव्याला, रात्री यायचा. माझी मुलगी एकाच जागी उभी राहून "अन्वी, अन्वी" करत होती, आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता.

आणि तेवढ्यात ते सुरू झालं. कोणी म्हणालं, सकाळी ती गुरख्याच्या खोपीकडे खेळत होती. कोणी म्हणालं, गुरखो मघापासून दिसत नाही. पाच मिनिटांत माळावरच्या निम्म्या फोनांवर आलं, की नेपाळ्याने मुलगी पळवली. लोक शेवटच्या खोपीकडे निघाले. दोघातिघांच्या हातात दांडे होते. टेकबहादूरची बायको तान्ह्याला छातीशी धरून दारात उभी होती. तिला काही कळत नव्हतं, पण दांडे दिसत होते. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, की असेल. माझी नात हरवली होती आणि कोणाचं तरी नाव मला हवं होतं.

व्याही त्या दारासमोर जाऊन उभे राहिले. धाप लागली होती. सर्वांत पुढच्या पोराला त्यांनी विचारलं, "कोणी बघल्यान?" इतकी वर्षं या प्रश्नाला हसणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. पोरगा म्हणाला, "माका गणप्यान सांगल्यान." गणपा मागेच होता. "गणप्या, तू बघलंस?" "नाय, माका मोबाईलार इला." "कोणाचा?" गणप्याने फोन काढला, वर बघितलं, खाली बघितलं आणि त्या पुढच्या पोराकडेच बोट केलं. "ह्येचाच." पोराने तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली. हातातला दांडा कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

एवढ्यात व्हाळाच्या वरच्या अंगाने टेकबहादूर आला, खांद्यावर कावड, दोन्ही हंडे भरलेले. एवढी गर्दी बघून त्याने हंडे खाली ठेवले. मास्तरांनी विचारलं तसा तो आठ वर्षांच्या मालवणीत म्हणाला, "अन्वी? ती कोंबी सोदूक गेली. माका इचारल्यान, तुज्या थय इली काय? मी नाय म्हटलंय. माका वाटला, घराकडे म्हणजे खोपीत गेली." आणि तो बोलत असतानाच रिकाम्या गावातून घंटा वाजली. एक टोल. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

सगळा माळ गार पडला. बायकांनी पदर तोंडाला लावले, कुत्री भुंकायची थांबली. ज्या गावात देवाशिवाय कोणी नाही त्या गावात घंटा वाजत होती. तात्यांनी हात जोडले. तिसरा टोल आला, अगदी हलका, लहान हाताने दिलेला, आणि व्याही मटकन खाली बसले. ते रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही. "शाळेच्या पायरेर आसा," ते म्हणाले. "शिकवलेला इसरूक नाय." माझी मुलगी धावत सुटली ती व्हाळापर्यंत. तिथे तात्या आडवे आले. "सुनबाय, शीव वलांडूची नाय." तात्या दुष्ट नव्हते. त्यांच्या बापजाद्यांनी जे राखलं ते त्यांच्या हातून मोडलं जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. मग त्यांनाच तोड सुचली. "गुरख्याक धाडा," ते म्हणाले. "तेका आमची शीव लागत नाय. तो खंय गावचो?"

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इतका सोपा उपाय! टेकबहादूर तर पायातली चप्पल काढूनही मोकळा झाला होता. आणि आमचे व्याही, ज्यांची नात तिकडे एकटी पायरीवर बसली होती, ते म्हणाले, "नाय." मला वाटलं, मी पुढे होऊन त्यांचं थोबाड फोडीन. "तात्यानू, सकाळी मी हजेरेत तेचा नाव घेतलंय. तो हजर म्हणालो. मघाशी तुमी तेका चोर केलास, तो परको म्हणान. आता वाटाडो करतास, तोय परको म्हणानच. असा नाय चलाचा. चूक माजी आसा, मी जातंय." आणि ज्या माणसाने शिस्त या विषयावर आम्हाला वर्षानुवर्षं जागं ठेवलं, तो माणूस धोतर खोचून, दुखऱ्या गुडघ्याने व्हाळात उतरला. टेकबहादूर त्यांच्या मागोमाग उतरला आणि त्यांच्या काखेत हात घातला. "मास्तर, मी गावचो, तर माकाय चूक लागांदे," तो म्हणाला. "तुमी एकटे पडशात."

तात्या क्षणभर तसेच उभे राहिले. मग गावाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तुज्या हुकमान आमी गाव खाली केलो आसा. तेतूर एक अजाण चेडू चुकान आत गेला हा. तेका हाडूक ह्ये आमचे दोगे शीव वलांडतत. तेंची चूक पदरात घे, आणि तिगांकय सुखरूप भायर काड, रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळा माळ एका आवाजात म्हणाला. तात्यांनी 'आमचे दोगे' म्हटलं होतं. ते व्याह्यांनी ऐकलं असावं, कारण व्हाळाच्या मध्यावर ते एकदा थांबले.

पाऊण तास लागला असेल. तोवर मला आयुष्यात केलेली सगळी पापं आठवून झाली. मग झाडीतून टॉर्चचा उजेड दिसला. टेकबहादूरच्या खांद्यावर अन्वी बसली होती आणि फार रागावली होती. बंद घराभोवतीचं अंगण, गोठा, परस धुंडाळून तिला कोंबडी मिळाली नव्हती, आणि परतताना वाट चुकली म्हणून ती पायरीवर येऊन बसली होती. "मी नीट शोधलं, तरी एक कमीच आहे," ती आईच्या गळ्यात पडून सांगत होती. तिची आई तिला मारत होती, मुके घेत होती, पुन्हा मारत होती. माळावर कोणीतरी ढोलकीवर थाप मारली. ज्याच्या हातात मघाशी दांडा होता ते पोर टेकबहादूरचे हंडे उचलून त्याच्या खोपीकडे घेऊन चाललं होतं.

व्याही मात्र आले नाहीत. ते व्हाळापलीकडेच एका दगडावर बसून राहिले. शीव मोडली आहे, तात्या देवाला विचारतील तेव्हा येईन, असा त्यांचा हट्ट. टेकबहादूरला त्यांनी मूल घेऊन पुढे पाठवलं होतं, ती चूकही आपल्याच नावावर घेऊन. मी अलीकडच्या काठावर जाऊन बसलो. मध्ये घोट्याएवढं पाणी. शेवटी म्हणालो, "व्याही, मी कुडाळचा. मला कसली तुमची शीव? तिचा आजोबाच ना मी? मी जायला हवं होतं. माझे पायच उचलले नाहीत." अंधार पडत आला होता, म्हणून बोलू शकलो.

मला वाटलं, आता नागरिकाच्या कर्तव्यावर येणार, आणि त्या दिवशी मी ते चार तास ऐकलं असतं. पण ते मालवणीत म्हणाले, "व्याह्यांनू, तुमका मी पावणो म्हणान हजेरेत घेवकच नाय. सकाळी सगळ्यांची नावां घेतलंय, तुमचा नाय घेतलंय. नाव घेतल्याशिवाय माणूस उठतलो कसो? ती चूक माजीच."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माळावरूनच देवाला कौल लावला. देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला. मास्तर व्हाळ ओलांडून परत आले तेव्हा लोकांनी वाट करून दिली.

त्यानंतर भाषणं कमी झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाहेर पडणं थांबलं. माझ्या परसात आता कोणी टॉर्च घेऊन येत नाही. बशा मीच पालथ्या करतो. फक्त रोज साडेपाचला दुकानात फोन वाजतो. ते माझं नाव घेतात, मी "हजर" म्हणतो आणि ते फोन ठेवतात. समोर गिऱ्हाईक असलं तर ते माझ्याकडे चमकून बघतं. पहिल्या पहिल्यांदा मला लाज वाटायची.

परवा फोन आला नाही. पावणेसहा झाले, सहा झाले. एका बाईंच्या डोळ्यांचा नंबर काढत होतो, तो मी दोनदा चुकवला. त्यांना बसायला सांगून मी बाहेर आलो आणि स्वतःच फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, मग कोणीतरी उचलला. मी त्यांचं नाव घेतलं, पुरं नाव, वडिलांच्या नावासकट, वहीत असतं तसं. बाजारातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग ते म्हणाले, "हजर आसंय, व्याह्यांनू. डोळो लागलो होतो."